मल्हारराव गायकवाड यांजवरील विषप्रयोगाचा आरोप : साक्षींची छाननी

(१) प्रास्ताविक

इ. स. १८७४ च्या नोव्हेंबर महिन्यांत बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांच्या सरबतांत विष आढळलें. तें श्रीमंत मल्हारराव महाराज गायकवाड यांच्या चिथावणीनें घातलें गेलें असा आरोप आला. त्याच्या चौकशीसाठीं सहा सभासदांचें कमिशन बसलें, आणि त्या सहांचे तीन विरुद्ध तीन असे दोन तट पडले. आरोप सर्वमान्य रीतीनें शाबीत झाला नाहीं, आणि खोटाही ठरला नाहीं. महाराजांची गादी मात्र गेली.

या प्रकरणाविषयीं आपल्याकडे जें बोललें जातें तें बहुधा दोन ठराविक सांच्यांतून निघतें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, राजा आपला, म्हणून तो निर्दोष, आणि सर्व बनाव रेसिडेंटाचा. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मल्हाररावांचा कारभार जुलमी, म्हणून विषही त्यांचेंच. दोन्ही मतांत साक्षीपुराव्याची जागा मनुष्याच्या लौकिकानें घेतली आहे. जुलमी मनुष्य एखाद्या गुन्ह्यापुरता निरपराधी असूं शकतो, आणि आपल्या माणसाच्या हातूनही अपराध घडूं शकतो, ही साधी गोष्ट दोघेही विसरतात.

शिवकालीन व पेशवेकालीन कागद पारखण्याची एक रीत आपल्या संशोधकांनीं पिढ्यान् पिढ्या घासूनपुसून तयार केली आहे. कागद कोणी लिहिला, कोणासाठीं लिहिला, लिहिणाऱ्यास ती गोष्ट कशी कळली, मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती, हे प्रश्न विचारल्यावांचून आपण बखरीचें एक वाक्यही स्वीकारीत नाहीं. तीच रीत या चौकशींतील जबान्यांस लावून काय उरतें तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एका राजाच्या नांवाचा आणि सहा न्यायकर्त्यांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न यांत गुंतलेला असल्यामुळें ही छाननी निव्वळ कुतूहलाची नव्हे.

(२) हकीकत

खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्यें वारल्यावर त्यांचे बंधु मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढल्यामुळें १८७३ मध्यें कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें गेलें. आणि त्याच्या अहवालानंतर, १८७४ मध्यें, हिंदुस्थान सरकारनें महाराजांस कारभार सुधारण्यासाठीं १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नवरोजी या काळांत बडोद्याचे दिवाण होते. कर्नल फेअर व दरबार यांचें मुळींच पटत नव्हतें. २ नोव्हेंबर १८७४ रोजीं महाराजांनीं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांस खलिता पाठवून फेअर यांस बदलावें अशी विनंती केली.

त्यानंतर आठवड्याच्या आंत, ९ नोव्हेंबर रोजीं, सकाळीं फिरून आल्यावर फेअर यांनीं नित्याप्रमाणें ठेवलेलें पपनसाच्या रसाचें सरबत घेतलें. दोनतीन घोट घेतल्यावर त्यांस बरें वाटेना. त्यांनीं उरलेलें सरबत बाहेर फेकलें, आणि पेल्याच्या तळाशीं गाळ दिसल्यावर तो रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांजकडे पाठविला. सीवर्ड यांस त्यांत सोमल आढळला. पुढें मुंबईचे रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांनींही सोमल असल्याचें सांगितलें. त्याखेरीज काचेची वा गारेची वाटावी अशी चकाकणारी बारीक पूडही त्यांत होती. तींतील कांहीं कण हिऱ्याचे असावेत असें मत पुढें आलें. तो दिवस शके १७९६ च्या आश्विन वद्य अमावास्येचा, सोमवार, म्हणजे ऐन दिवाळीचा होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिचा उपयोग पुढें आहे.

फेअर यांची लवकरच बदली होऊन सर लुई पेली आले. तपासासाठीं मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपल्या माणसांसह आले. डिसेंबरांत रेसिडेन्सीच्या शिपायांपैकीं रावजी हवालदार व नरसू जमादार यांनीं कबुलीजबाब दिले. १४ जानेवारी १८७५ रोजीं महाराजांस कैद करण्यांत आलें. त्या महिन्याच्या अखेरीस महाराजांचे खाजगी कारभारी दामोदर त्र्यंबक ऊर्फ दामोदरपंत यांनींही कबुली दिली. २३ फेब्रुवारी रोजीं कमिशनचें काम सुरू झालें. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड कौच. सभासद सर रिचर्ड मीड, फिलिप मेल्व्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव महाराज शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट-जनरल स्कोबल व त्यांजबरोबर इन्व्हेरारिटी, आणि महाराजांतर्फे विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन.

आरोप चार कलमांचे होते. रेसिडेन्सीच्या नोकरांशीं गुप्त दळणवळण ठेवलें. त्यांस लांच दिली. बातम्या काढणें व फेअर यांस अपाय करणें हे त्याचे हेतु होते. आणि शेवटीं त्यांजवर विषप्रयोग करविला. हीं चार कलमें एकाच ओघांत वाचलीं जातात, व तेथेंच अनेकांची फसगत होते. पहिल्या दोहोंचा पुरावा चौथ्याचा पुरावा नव्हे.

(३) साधनाचें स्वरूप

आपल्यापुढें असलेलें मुख्य साधन म्हणजे कमिशनच्या कामकाजाचें छापील इंग्रजी टिपण. परंतु रावजी, नरसू, आया अमिना, दामोदरपंत हे साक्षीदार इंग्रजींत बोलले नाहींत. देशी भाषेंत विचारलेला प्रश्न, देशी भाषेंत दिलेलें उत्तर, दुभाष्यानें केलेलें भाषांतर, व त्याचें टिपण, इतक्या पायऱ्या उतरून ती जबानी आपल्या हातीं येते. ज्यांनीं एखाद्या मोडी पत्राचें इंग्रजी कारकुनानें केलेलें भाषांतर मुळाशीं ताडून पाहिलें असेल, त्यांस या पायऱ्यांवर काय गळतें व काय चिकटतें हें सांगावयास नको. साक्षीदाराचा एकादा शब्द ‘औषध’ होता, ‘दवा’ होता, ‘जादू’ होता कीं ‘विष’ होता, यावर येथें सर्व अर्थ फिरतो.

अमिनेच्या साक्षीस हें विशेषच लागू आहे. ती रात्रीं हवेलींत गेल्याचें व तेथें महाराजांशीं बोलणें झाल्याचें सांगते. परंतु तिच्या हकीकतींत साहेबाचें मन वळविण्यासाठीं कांहीं टोणा करण्याची भाषा आहे. साहेबाचें मन मऊ व्हावें म्हणून भारलेली पूड देणें ही त्या काळच्या दरबारी समजुतीस धरून असलेली मूर्खपणाची गोष्ट होय. साहेबाचा प्राण घेणें ही निराळी. एकीवरून दुसरीचें अनुमान करण्यास मधला शब्द मुळांत काय होता तें पाहिजे, आणि तो छापील टिपणांत नाहीं.

दुसरी मेख अशी कीं, न्यायासनापुढील साक्ष ही या साक्षीदारांची पहिली जबानी नव्हती. पहिल्या जबान्या पोलिसांनीं तपासाच्या वेळीं घेतल्या. कमिशनपुढील साक्ष ही एका अर्थीं त्यांची शुद्ध केलेली प्रत आहे. हिंदुस्थानच्या १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यानें पोलीस अंमलदारापुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविली होती. गुन्ह्याच्या साथीदाराची साक्ष महत्त्वाच्या बाबतींत दुजोरा असल्यावांचून विश्वासास पात्र मानूं नये, असें अनुमान करण्याची मुभाही त्यांत दिली होती. तो कायदा १५० वर्षांहून अधिक काळ चालला व जुलै २०२४ मध्यें त्याची जागा नव्या अधिनियमानें घेतली; तरी हीं दोन्ही तत्त्वें टिकून आहेत. बडोद्याचें कमिशन न्यायालय नसल्यानें त्यास तो कायदा शब्दशः बांधीत नव्हता. परंतु त्यामागील अनुभव कोणासही बांधणाराच आहे.

(४) साक्षींची वर्गवारी

साक्षीदारांची संख्या मोठी असली तरी त्यांचे चार वर्ग सहज पडतात.

पहिला वर्ग पेल्याविषयीं बोलणाऱ्यांचा : कर्नल फेअर, डॉ. सीवर्ड, डॉ. ग्रे. पेल्यांत सोमल होता ही गोष्ट या वर्गानें सिद्ध होते, व ती नाकारण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. मात्र फेअर यांच्या साक्षींत दोन थर आहेत. ९ तारखेस जें घडलें तें त्यांनीं त्याच दिवशीं नोंदलें. परंतु ६ व ७ तारखेसही सरबत घेतल्यावर प्रकृति बिघडली होती, हें त्यांस विषाची शंका आल्यानंतर आठवलें. तत्पूर्वीं त्यांनीं तो दोष फळास दिला होता. शंकेनंतर जागृत झालेली आठवण खोटी असतेच असें नाहीं. पण ती शंकेचा पुरावा म्हणून परत वापरतां येत नाहीं.

दुसरा वर्ग हाताळणाऱ्यांचा : रावजी व नरसू. रावजी म्हणतो, विष मीं घातलें. पुड्या नरसूकडून मिळाल्या. आम्ही दोघे रात्रीं हवेलींत जाऊन महाराजांस भेटत असूं. त्याला माफीचें वचन मिळालें होतें. नरसूस तसें वचन नव्हतें, व यामुळें इंग्रज सभासदांस त्याची साक्ष अधिक वजनदार वाटणें स्वाभाविक होतें. जो मनुष्य आपल्या गळ्याभोंवतीं फांस आवळून घेतो तो खोटें कशाला बोलेल, हा प्रश्न खरोखरच जड आहे. नरसूनें जबानीनंतर रेसिडेन्सीच्या विहिरींत उडी टाकली ही गोष्टही पश्चात्तापाची खूण म्हणून पुढें केली जाते. परंतु विहीर दोन्हीं बाजूंनीं बोलते. खरें बोलून धन्याचा घात केला म्हणून मनुष्य विहीर जवळ करतो, तसा खोटें बोलून धन्याचा घात केला म्हणूनही करतो. शिवाय रावजीनें सर्व सांगून टाकलें आहे हें नरसूस स्वतःची जबानी देण्यापूर्वीं कळलेलें होतें. म्हणजे नरसूची साक्ष रावजीच्या साक्षीनंतरची आहे एवढेंच नव्हे, तर ती तिच्या ज्ञानानें दिलेली आहे.

रावजीस दुजोरा देणारी वस्तु एकच : त्याच्या पट्ट्यांत सांपडलेली सोमलाची पुडी. डिसेंबरच्या अखेरीस मुंबई पोलिसांचे अकबर अली यांस ती मिळाली. परंतु तो पट्टा त्या वेळीं रावजीच्या अंगावर नव्हता. तो दुसरा एक शिपाई वापरीत होता. विषप्रयोगानंतर सहा आठवड्यांहून अधिक काळ ती पुडी पट्ट्यांत, तीही दुसऱ्याच्या अंगावर, तशीच राहिली, आणि ती शोधणाऱ्यांच्या हातीं प्रथम लागली, हें अशक्य नाहीं. परंतु अशा वस्तूस स्वतंत्र साक्षीदार म्हणतां येत नाहीं. तिची विश्वसनीयता शोधणाऱ्याच्या विश्वसनीयतेहून अधिक असूं शकत नाहीं. आणि ती पुडी पूर्ण खरी मानली तरी ती रावजीकडे विष होतें एवढेंच सांगते. तें कोणी दिलें हें सांगत नाहीं.

तिसरा वर्ग पुरवठ्याचा : दामोदरपंत. हे गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत सुमारें पंधरवडा राहिल्यावर व माफीचें वचन मिळाल्यावर बोलले. त्यांची हकीकत अशी : महाराजांच्या आज्ञेवरून मीं नुरुद्दीन बोहऱ्याकडून सोमल व हेमचंद फत्तेचंद जवाहिऱ्याकडून हिरे आणविले, आणि ते पुढें सलीम सवार व यशवंतराव यांच्या हातीं दिले. खाजगीच्या हिशेबांतील नोंदींवर सांडलेली शाई ही त्या खर्चावर पांघरूण घालण्यासाठीं होती असेंही त्यांचें सांगणें. याच हकीकतींत मोठे मुंगळे, साप व काळ्या घोड्याचें मूत्र यांपासून केलेल्या एका जहाल द्रवाची बाटली येते. ती वाचतांना आपण कमिशनच्या कचेरींत आहों कीं एखाद्या जुन्या बाडांतील विषप्रकरण वाचीत आहों असा भ्रम होतो.

दामोदरपंतांच्या बाजूचा एक अस्सल कागद आहे : घोड्याच्या औषधासाठीं म्हणून सोमल मिळावा अशी फौजदारी खात्याकडे केलेली मागणी. संशोधकाच्या दृष्टीनें सर्व चौकशींत या कागदास मोठें मोल आहे, कारण तो विषप्रयोगाच्या पूर्वींचा आहे व कोणाच्या धाकानें लिहिलेला नाहीं. परंतु तो काय सिद्ध करतो? दामोदरपंतांनीं सोमल मागितला एवढें. कागदावर हेतु घोड्याचा आहे. महाराजांचा हेतु कागदाबाहेर, दामोदरपंतांच्या तोंडीं आहे. जहर गुप्तपणें मिळवूं पाहणाऱ्या राजाच्या कारभाऱ्यानें त्यासाठीं सरकारी खात्याकडे लेखी मागणी करावी, हें चातुर्याचें लक्षण नव्हे, हेंही नमूद केलें पाहिजे.

चौथा वर्ग सरकारतर्फे उभ्या राहिलेल्या पण सरकारच्या कामीं न आलेल्या साक्षीदारांचा. हेमचंद जवाहिऱ्यानें हिरे विकल्याचें साफ नाकारलें, आणि आपल्या वह्यांत पोलिसांच्या दडपणाखालीं फेरफार झाल्याचा उलट आरोप केला. बटलर पेद्रो डिसूझा यानें गोव्यास जाण्यासाठीं ६० रुपये मिळाल्याचें कबूल केलें. परंतु विषाची पुडी घेतल्याचें, जें रावजी सांगतो, तें नाकारलें. पेद्रोची साक्ष आमच्या मतें फार महत्त्वाची आहे. जो नोकर पैसे घेतल्याची लाज पत्करतो आणि विषाची गोष्ट नाकारतो, तो सर्वच नाकारणाऱ्यापेक्षां अधिक खरा वाटतो. आणि पेद्रो खरा, तर रावजी त्या एका बाबतींत तरी खोटा.

(५) साखळींतील तुटलेला दुवा

आतां या जबान्या क्रमानें मांडूं. महाराज, त्यांजपासून दामोदरपंत, त्यांजपासून सलीम व यशवंतराव, त्यांजपासून नरसू, त्याजपासून रावजी, रावजीपासून पेला. साखळीचीं दोन्हीं टोंकें बोलतात. मधला दुवा मुका आहे. सलीम व यशवंतराव सरकारच्या ताब्यांत असतांही त्यांची साक्ष झाली नाहीं. नुरुद्दीन बोहराही पुढें आला नाहीं. दामोदरपंतांनीं दिलेली वस्तु तीच नरसूस मिळाली, हें सांगणारा शपथेवरचा मनुष्य एकही नाहीं.

इंग्रज सभासदांच्या मताचा कणा असा दिसतो कीं, रावजी व दामोदरपंत हे वेगवेगळ्या ठिकाणचे. त्यांनीं एकत्र बसून कट रचणें संभवत नाहीं. तरी दोघांच्या हकीकती जुळतात. अर्थात् त्या खऱ्या असल्या पाहिजेत. हा युक्तिवाद सोपा नाहीं, व त्यास ‘गोऱ्यांचा पक्षपात’ म्हणून उडवून लावणें हें टीकेचें काम नव्हे. परंतु पोथ्यांची पारख करणाऱ्यास त्यांतील उणीव तात्काळ दिसेल. दोन पोथ्यांचा पाठ जुळला, आणि त्यांच्या लेखकांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नव्हतें, एवढ्यावरून पाठ मूळचा ठरत नाहीं. दोन्हीं पोथ्या तिसऱ्या एकाच पोथीवरून उतरल्या नाहींत ना, हें पाहावें लागतें. एका प्रतीच्या दहा नकला झाल्या तरी साक्ष एकाच प्रतीची. महजरावर एकाच घरच्या दहा असामींच्या निशाण्या असल्या तर गोत त्यांस एकच धरी. तोच न्याय येथें लागतो. रावजी, नरसू व दामोदरपंत यांस परस्परांस भेटण्याची गरज नव्हती. तिघांस भेटणारे एकच होते, व ते म्हणजे तपास करणारे पोलीस. पोलिसांनीं खोटें पढविलें असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्याच्या जबानीवरून दुसऱ्यास प्रश्न विचारले गेले एवढें झालें तरी जुळणीचें प्रमाण म्हणून मोल संपतें. कारण प्रश्नांतच उत्तराचा सांचा असतो.

संख्येच्या मोहाविषयींही एक शब्द लिहिणें जरूर आहे. बॅलंटाइन हे विलायतेंतील टिचबोर्न वारसाच्या प्रसिद्ध दाव्यांत वादीचे वकील होते. त्या दाव्यांत कित्येक साक्षीदारांनीं वादीस ओळखल्याचें शपथेवर सांगितलें, तरी तो तोतया ठरून १८७४ मध्यें खोट्या शपथेबद्दल शिक्षेस पात्र झाला. साक्षीदारांची संख्या हें वजन नव्हे हा धडा बॅलंटाइन ताजाच शिकून आले होते. गुन्ह्याच्या साथीदारास मिळणारा दुजोरा स्वतंत्र असावा, व तो आरोपीस गुन्ह्याशीं जोडणारा असावा, असें तत्त्व विलायतेच्या न्यायालयांनीं १९१६ मध्यें बास्करव्हिल खटल्यांत स्पष्ट केलें. या कसोटीवर बडोद्याचा पुरावा घासला तर दुजोरा पेल्यास मिळतो, पैशास मिळतो, रात्रींच्या भेटींसही कांहींसा मिळतो. चौथ्या कलमास मिळत नाहीं.

पैशाविषयीं बोलावयाचें तर रेसिडेन्सीच्या नोकरांस दसरा-दिवाळीस, लग्नकार्यास दरबाराकडून पोस्त मिळणें ही त्या काळची रूढि होती. रावजीनें ऐपतीबाहेर दागिने घडविले हें पोस्तीपेक्षां अधिक कांहीं मिळत होतें असें दाखवितें, व तें बातमीचें मोल असावें असें मानण्यास आमची हरकत नाहीं. दरबार रेसिडेन्सींत कान ठेवी. रेसिडेन्सीही दरबारांत कान ठेवी. ऐन दिवाळींत हातीं आलेल्या पैशावरून विषाचें अनुमान करणें मात्र धाडसाचें होईल.

(६) तांब्याचा कण

बनावाचा पक्ष घेणाऱ्यांचाही पुरावा आतां पाहूं. त्यांचा मुख्य आधार असा : फेअर यांस भाऊ पुणेकर नांवाच्या गृहस्थाकडून गुप्त बातमी मिळाली कीं, पेल्यांत सोमल, हिऱ्याची पूड व तांबें हीं तीन द्रव्यें होतीं. बातमीदारास हें कळलें कसें, असा बॅलंटाइन यांचा रोख होता, व त्यावरून कित्येकांनीं विष घालणारा हाच असें सुचविलें.

आमचें मत निराळें आहे. पृथक्करणांत तांबें निघालें नाहीं. परंतु सरबत घेतल्यावर तोंडास तांब्यासारखी चव आली, असें फेअर स्वतः सांगतात. जी चूक रोग्याच्या जिभेची तीच चूक बातमीदाराच्या यादींत उतरली. प्रत-परीक्षणांत समान शुद्ध पाठावरून कांहीं सिद्ध होत नाहीं, समान अशुद्ध पाठावरून वंश सिद्ध होतो. येथें ती बातमी विष घालणाऱ्याच्या घरून निघाली नसून रेसिडेन्सींतील कुजबुजीवरून बनली असावी, असा तर्क या तांब्याच्या कणावरून निघतो. तसें असेल तर बातमीदार अपराधी ठरत नाहीं; पण त्याची बातमी पुरावा म्हणूनही उरत नाहीं. फार तर एवढें म्हणतां येईल कीं, जबान्या घेण्यास आरंभ होण्यापूर्वींच ‘हिऱ्याची पूड’ ही गोष्ट रेसिडेन्सीच्या आवारांत बोलली जात होती, आणि पुढें प्रत्येक कबुलीजबाबांत ती आली यांत नवल नाहीं.

हिऱ्याच्या पुडीविषयीं वाचकांस माहीत असेलच कीं, हिरकणी खाऊन प्राण देण्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ असल्या तरी हिरा हा रासायनिक अर्थानें विष नव्हे. ही समजूत यूरोपांतही होती. सोळाव्या शतकांतील इटालियन सोनार चेल्लिनी आपल्या आत्मवृत्तांत लिहितो कीं, त्याच्या अन्नांत घालण्यासाठीं हिरा कुटावयास दिला असतां जवाहिऱ्यानें हिरा स्वतःस ठेवून हलक्या खड्याची पूड दिली, व त्यामुळें आपण वांचलों. बडोद्याच्या पेल्यांतील पूड काचेची, गारेची कीं हिऱ्याची हा संशय लक्षांत घेतां ही कथा अगदींच अप्रस्तुत नाहीं. विषाचा खरा भाग सोमल. हिरा हा कथेचा भाग. आणि सोमल त्या काळीं उंदरांसाठीं, घोड्यांसाठीं, औषधासाठीं कोठेंही मिळे.

हेतूचा विचारही दोहोंकडे झुकतो. ज्यानें २ तारखेस फेअर यांस बदलण्याची विनंती केली, त्यानें उत्तराची वाट न पाहतां ९ तारखेस विष घालावें हें विसंगत दिसतें; शिवाय त्या विनंतीच्या दिशेनें गोष्टी घडून फेअर महिन्याभरांत बदललेही गेले. उलट, रावजीच्या हकीकतीप्रमाणें खटपट खलित्यापूर्वींची होती, व चाललेली खटपट थांबविण्याचें कोणास सुचलें नाहीं असेंही म्हणतां येतें. हेतूवरून निकाल देणाऱ्यानें या दोहोंपैकीं एकच वाचलेलें असतें.

(७) दोन तट

इंग्रज तिघांनीं आरोप शाबीत मानला, देशी तिघांनीं विषप्रयोगाचें कलम शाबीत मानलें नाहीं. वर्णावरून मतें पडलीं हें सर्वांस दिसलें, आणि तेवढेंच लोकांच्या लक्षांत राहिलें. इंग्रज सभासदांपैकीं मीड यांनीं १८७३ च्या चौकशींत महाराजांच्या कारभाराची कसून तपासणी केलेली होती. अशा मनुष्यास पुन्हां त्याच आरोपीच्या न्यायासाठीं बसविणें हें सरकारचें अनौचित्य होय. त्याचप्रमाणें शिंदे व जयपूरकर हे स्वतः रेसिडेंटांच्या सावलींत राहणारे राजे. एका संस्थानिकाविरुद्ध रेसिडेन्सीच्या शिपायांची साक्ष मानली तर उद्यां आपलें काय, ही धास्ती त्यांस नसेल असें म्हणवत नाहीं.

परंतु सर दिनकररावांस ती धास्ती असण्याचें कारण नव्हतें. त्यांस गादी नव्हती. १८१९ मध्यें देवरुख येथें जन्मलेल्या या कोंकणस्थ मुत्सद्द्यानें १८५२ पासून ग्वाल्हेरची दिवाणगिरी केली, १८५७ च्या धामधुमींत इंग्रजांची बाजू राखली, व सरकारची मर्जी संपादन केली होती. अशा मनुष्यानें सरकारच्या इच्छेविरुद्ध मत द्यावें हें वर्णाभिमानानें उलगडत नाहीं. त्यांच्या मताचा भर साध्या कारभारी अनुभवावर आहे : मुख्य साक्षीदार साथीदार आहेत, माल पुरविणारे नाकारतात, महाराजांच्या हातचा कागद नाहीं. नोकरांशीं दळणवळण असल्याचें ते सर्वस्वीं नाकारीत नाहींत. पहिलीं कलमें एका पारड्यांत व चौथें दुसऱ्या पारड्यांत घालण्याचा हा विवेक साक्षींच्या पारखीचा उत्तम नमुना आहे, असें आमचें मत आहे.

सरकारनेंही अखेरीस विषप्रयोगाच्या कलमावर निकाल दिला नाहीं. एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यांत पदच्युतीचें कारण गैरवर्तन, अंदाधुंद कारभार व सुधारणा करण्याची असमर्थता हें सांगितलें. मल्हाररावांस मद्रासेस नेण्यांत आलें, व तेथेंच १८८२ मध्यें ते वारले. जो आरोप सिद्ध करण्यासाठीं एवढा खटाटोप झाला त्यावर निकाल न देतां, ज्यासाठीं १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिलेली होती त्या कारणावरून मुदतीपूर्वींच शिक्षा झाली. राजनीतीच्या दृष्टीनें यांत काय शहाणपण होतें तें असो. न्यायाच्या दृष्टीनें यांत दोन्ही प्रश्न अर्धे सुटले.

(८) निष्कर्ष

आमचे निष्कर्ष येणेंप्रमाणें. (अ) पेल्यांत सोमल होता हें सिद्ध आहे. (आ) दरबार रेसिडेन्सीच्या नोकरांकडून बातम्या काढी व त्यांस पैसे देई, हें पुरेसें सिद्ध आहे. (इ) रावजीनें विष घातलें हें त्याच्या कबुलीवरून संभवनीय आहे. (ई) तें महाराजांच्या आज्ञेनें घातलें हें सिद्ध नाहीं. कारण तें सांगणारे तिघेही साथीदार असून त्यांच्या साक्षी परस्परांपासून स्वतंत्र नाहींत, मधला दुवा मुका आहे, आणि दुजोरा देण्यासाठीं आणलेल्या जवाहिऱ्यानें व बटलरनें उलट साक्ष दिली. (उ) रेसिडेन्सीच्या बाजूनें बनाव झाला हेंही सिद्ध नाहीं. तो पक्ष घेणाऱ्यांजवळ हेतूचे तर्क आहेत, साक्षीदार नाहीं.

‘सिद्ध नाहीं’ हा शब्द पुष्कळांस नेभळट वाटतो. परंतु नारायणराव पेशव्यांच्या खुनांत ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथा मूळ कागद पुढें न ठेवतां लोकांनीं किती पिढ्या सत्य म्हणून सांगितली हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या शब्दाची किंमत कळेल.

एक विनंती करून हा लेख संपवितों. या प्रकरणाचा पुढील उलगडा छापील इंग्रजी टिपणांतून होण्याचा संभव थोडा. तो झाला तर घरगुती कागदांतून होईल. बडोद्यास चाकरीस गेलेलीं कोंकणांतील व देशावरील कुटुंबें पुष्कळ. त्यांच्या घरीं शके १७९६ सालचीं खाजगी पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, जवाहिऱ्यांचीं पुडकीं, शिपाईप्याद्यांच्या पगाराचे पट अजून माळ्यावर असूं शकतील. संग्राहकांनीं असे कागद हातीं आले असतां त्यांतील शाईचे डाग पुसूं नयेत, पानें नव्यानें बांधूं नयेत, व कागद कोणाकडून कसा आला याची नोंद त्याच दिवशीं करून ठेवावी. दामोदरपंतांच्या वहीवरील शाईच्या एका डागावर केवढें रण माजलें होतें हें वर आलेंच आहे. एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींत सलीम सवार किंवा यशवंतराव बोलते झाले, तर १८७५ मध्यें मुका राहिलेला दुवा आजही साक्ष देऊं शकेल.

अलोरे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी.